आयरे सर आणि माझा उजवा हात

माणूस भेटला की कुणी नमस्कार करतं, कुणी 'काय, कसं काय?' विचारतं, कुणी नुसतीच भुवई उडवतं. आमचे आयरे सर गुडघा ठोकतात. समोरच्याचा.

खांद्याला कायम एक खाकी झोळी आणि झोळीत रबरी डोक्याची छोटी हातोडी. तुम्ही कुठेही टेकलेले दिसलात की सर शेजारी येणार, 'पाय लोंबता सोड' म्हणणार आणि गुडघ्याच्या वाटीच्या जरासं खाली टक्! पाय उडाला की सरांचा चेहरा पाडव्याच्या गुढीसारखा उजळणार. मग विचारणार, "हं, आता बोल. काय म्हणतोस?" ज्याचा पाय उडत नाही त्याच्याशी सर बोलत नाहीत असं नाही. उलट त्याच्याशी फार बोलतात, आणि ते जास्त भयंकर.

एका लग्नात त्यांनी खुर्चीत बसलेल्या नवरदेवाचा गुडघा ठोकला. पाय उडाला तो भटजींच्या तांब्याला लागला, तांब्या उडाला तो सनईवाल्याच्या मांडीवर, आणि सनईतून जो सूर निघाला तो ऐकून मुलीकडचे लोक मुहूर्त झाला समजून अक्षता टाकून मोकळे झाले. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराला सरांनी अंगणात बसवून ठोकला. त्याची चप्पल सुटली ती थेट विहिरीत. मी जरा वाढवून सांगतो, असं आमच्या वाडीचं म्हणणं आहे. वाडीचं म्हणणं खरं आहे. पण ती चप्पल गळ टाकून मी स्वतः काढलेली आहे. डाव्या पायाची होती.

पावसच्या रस्त्याला आमची आंब्याची बाग आहे. बागेच्या कडेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत, आणि गडग्यापलीकडे सरांचं घर. सरांनी उभी हयात हायस्कुलात विज्ञान शिकवलं. प्रकाश, चुंबक, आम्ल आणि अल्कली हे सगळं ते पितृपक्षातल्या जेवणासारखं घाईघाईत उरकायचे. मज्जासंस्थेचा धडा मात्र दिवाळीला सुरू व्हायचा तो शिमग्याच्या पालख्या निघाल्या तरी चालूच. परीक्षेत चुंबकावर प्रश्न आला की आमची पोरं धडाधड नापास व्हायची, पण नापास झाल्यावर पोटात खड्डा नेमका कुठल्या नसांमुळे पडतो, हे प्रत्येकाला तोंडपाठ.

सर निवृत्त झाले, धडा निवृत्त झाला नाही. बायको गेलेली, मुलगा पुण्यात. मग वर्ग कोण? तर आम्ही. गडग्यावर कोपर टेकून सर मला, म्हणजे शितपाला, धरून सुरू करायचे.

"शितपा, मेंदू म्हणजे मुंबई. बसल्या जागी सगळ्या कोकणाला हुकूम सोडते. आणि पाठीच्या कण्यातून उतरणारा मज्जारज्जू म्हणजे मुंबई-गोवा हायवे."

"म्हणजे खड्डे?"

"तुझ्यात असतील. हातखंब्याला जशी रत्नागिरीची वाट फुटते तशा त्या रज्जूतून नसांच्या जोड्या फुटतात. प्रत्येक वाटेवर दोन बाजू. एकीवरून खबर वर जाते, 'तवा तापलाय'. दुसरीवरून हुकूम खाली येतो, 'हात उचल गाढवा'."

"आणि हुकूम येईपर्यंत हात भाजला तर?"

इथे सर खूश. ह्याच प्रश्नासाठी ते शाळेत महिनाभर थांबायचे. "नाही भाजत! कारण असल्या बारीकसारीक कामाला मुंबईला विचारत नाहीत. हातखंब्यालाच निकाल लागतो, हात आधी मागे येतो, मुंबईला नंतर कळतं. तुझा गुडघा उडतो ना, ते तिथलंच काम. मेंदू सगळ्यात शेवटी ऐकतो, शितपा. सगळ्यात शेवटी!"

'मेंदू सगळ्यात शेवटी ऐकतो' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, 'सिग्नल कुठे अडकला ते बघ.' दिवे गेले, एसटी आली नाही, पोरीचं लग्न मोडलं, सल्ला एकच. सिग्नल कुठे अडकला ते बघ. आणि माझ्या बायकोने हाक मारली की मी बोलणं अर्धं टाकून धावायचो, तेव्हा पाठीमागून आवाज यायचा, "बघा! मेंदूपर्यंत गेलंच नाही!"

एक मज्जापेशी दुसरीला चिकटलेली नसते, हे सांगताना तर ते भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता त्या काळात जायचे. खबर पेशीच्या ह्या काठापर्यंत विजेसारखी धावत येते, काठावर उतरते, रसायनांच्या होडीत बसते, पलीकडे जाते आणि पुन्हा धावायला लागते. "एवढं सगळं तू डोळ्याची पापणी लववेपर्यंत होतं. आणि तुम्ही ग्रामपंचायतीचा एक ठराव..." असं म्हणून ते हताश व्हायचे. संकट आलं की छाती धडधडवणाऱ्या नसा म्हणजे बंदरावर चढवलेला वादळाचा बावटा. संकट गेलं की सगळं निवांत करून पोटाला कामाला लावणाऱ्या नसा म्हणजे दुपारी जेवून शटर खाली ओढणारी रत्नागिरीची बाजारपेठ. "आपल्याकडे ही दुसरी व्यवस्था जरा जास्तच विकसित झाल्येय," असंही ते म्हणायचे.

नारळ फोडायला दिलात तर संपलं. करवंटी म्हणजे कवटी, आतली तांबूस साल म्हणजे मेंदूवरचं आवरण, पाणी म्हणजे मेंदू ज्यात तरंगतो ते पाणी. एका गणपतीत आरती संपून कापूर विझला तरी नैवेद्याचा नारळ फुटलेला नव्हता, कारण सर अजून करवंटीवरच होते. मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेले की सुरमईचं डोकं मागून घ्यायचे आणि तिथेच फळीवर उघडून गिऱ्हाइकांना लहान मेंदू दाखवायचे. "हा बघा! हा म्हणून मासा लाटेत तोल सांभाळतो. आणि तो तांडेल बघा, टोपली डोक्यावर घेऊन होडीच्या फळीवरून चाललाय, त्याचाही हाच!" मासेवाली शेवटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सर, न्यायची तर न्या. नायतर ठेवा खाली. तुमची शाळा बघून माझी मासळी सुकली!"

तर असा हा माणूस. वाडीला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय. मलाही वाटायचं. आता नाही वाटत. का नाही, तेच सांगतो.

आमच्याकडे हंगामातला पहिला आंबा उतरवण्याआधी बागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं अशी रीत आहे. एकाने मोठ्याने मागणं मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. ह्या कामाला वाडीत माझ्यासारखा माणूस नाही. माझा आवाज सुटला की समुद्रातले डोल्फिन थबकतात, हे रफीकने स्वतः बघितलंय. रफीक म्हणजे मिरकरवाड्यातला माझा दोस्त, बर्फाच्या लाद्यांचा टेम्पो चालवतो. त्या दिवशी तोही आला होता. सर गडग्यापलीकडे उभे. "माझा विश्वास फक्त खोबऱ्यावर," म्हणायचे, पण वाटणी चुकवायचे नाहीत.

मी उजव्या हातात नारळ धरला आणि सुरू केलं. "बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी ऱ्हायली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चढणाऱ्याचा पाय सरकू देव नको, वानरांची आणि दलालांची नजर फळावर पडू देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि लेकरांचा काय चुकला-माकला असंल..."

इथे काहीतरी झालं. पुढचे शब्द मला दिसत होते, अगदी समोर रांगेत उभे. पण तोंडातून निघाले ते ऊन ऊन पेजेसारखे. "त... तल्ल... भल्लल..."

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली. श्रद्धा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"लल्ल... ब्ब..."

"व्हय म्हाराजा!"

उजव्या हातातून नारळ सुटला आणि गडगडत झाडाच्या बुंध्याशी गेला. "घेतला! देवान् नारळ सवता घेतला!" कुणीतरी ओरडलं. आमची गोदाकाकू, माझ्या चुलतकाकांची बायको, पदर सावरत पुढे. "वारा आलाय गो बाय! ह्याच्या अंगात वारा आलाय!" तिने माझ्या कपाळाला कुंकवाचा मळवट भरला आणि हात जोडून विचारलं, "देवा, माझ्या सुभाषाचा लगीन कदी जमेल?"

मी म्हणालो, "भल्लल."

तिने त्याचा काय अर्थ लावला कोण जाणे, पण ती म्हणाली, "तुझ्या तोंडात साखर पडो."

तेवढ्यात गडग्यावरून एक आकृती हवेत उडाली. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी शपथेवर सांगतो, सरांचा पाय गडग्याला लागलासुद्धा नाही. गर्दी फोडून ते माझ्यासमोर आले. "शितपा, हस!"

मी हसलो. हसण्याची डावी बाजूच तेवढी आली.

"दोन्ही हात वर कर!"

एकच वर गेला.

"म्हण, हापूस आंबा पेटीत भरला."

मी जे काही म्हणालो त्याला पाठीमागून एका सवयीच्या माणसाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

"गप्प बसा रे सगळे!" सर ओरडले. हायस्कुलाच्या तीन वर्गांना एका दमात गप्प करणारा आवाज. "देव नाही आलाय अंगात. डाव्या मेंदूत गुठळी आल्येय! उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, सिग्नल वरच अडकलाय! रफीक, टेम्पो काढ!"

गोदाकाकू आडवी. "आदी मीठ-मिरची तरी ओवाळू दे..."

"ओवाळा काकू, जरूर ओवाळा. पण चालत्या टेम्पोत ओवाळा."

आणि ओवाळली हो तिने! बर्फाच्या लाद्या, लाद्यांवर गोणपाट, गोणपाटावर मी, उशाला माझी बायको सुनंदा, पायथ्याशी मीठ-मिरची घेतलेली गोदाकाकू आणि बाजूला माझं मनगट धरून आयरे सर. भाट्याच्या पुलावर रफीकने हॉर्न असा लावला की समोरची म्हशींची रांगसुद्धा एका अंगाला सरली. "या अल्ला, या अल्ला," म्हणत तो चालवत होता, आणि सर सुनंदाला पढवत होते. "वहिनी, डॉक्टर पहिलं काय विचारतील? कधी सुरू झालं. नक्की सांगायचं. नारळ पडला त्याच्या जरासं आधी. हे औषध पहिल्या काही तासांतच चालतं. घाबरू नका. मी आहे ना."

दवाखान्यात डॉक्टरांनी तेच विचारलं. सुनंदा सरांकडे बघायला लागली. सर म्हणाले, "गाऱ्हाण्याच्या शेवटच्या ओळीला." मग डोक्याचं चित्र काढलं, रक्तस्राव नाही, गुठळीच आहे हे बघितलं आणि ती विरघळवायचं इंजेक्शन सलाइनमधून गेलं. डॉक्टर सुनंदाला म्हणाले, "वेळेत आणलंत. घरीच पूजा करत बसला असतात तर हे जन्मभर आडवे राहिले असते."

दोन दिवसांत माझं तोंड सरळ झालं. पहिलं स्वच्छ वाक्य मी नर्सबाईंना बोललो, आणि ते डोल्फिनबद्दल होतं. सुनंदा डोळे पुसत म्हणाली, "आले माणसांत."

पण उजवा हात आला नाही. म्हणजे हलायला लागला, घास तोंडाशी यायला लागला, पण त्याला काही कळेना. गरम कळेना, गार कळेना, खरखरीत कळेना. कुणाचा तरी उसना आणलेला हात खांद्याला अडकवल्यासारखा. तुम्ही म्हणाल, चालायचंच, जीव वाचला. पण आंबेवाल्याचा जीव बोटांत असतो. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, भाताच्या पेंढ्यावर आंबा पिकत घातलेला असतो. पेंढा उचलून बघत बसायचं नसतं. हात आत सरकवायचा, देठाजवळचा खांदा चाचपायचा, आणि हा आज, हा परवा, हा डागी, हे बोटांनीच सांगायचं. आमच्या बागेचं नाव आहे ते एवढ्यावर. माझ्या उजव्या हाताचा आंबा कुणी परत केला नव्हता.

दवाखान्यातून आल्यावर मी पेंढ्यात हात घातला. चांगल्या पिकल्या आंब्याचा माझ्याच मुठीत रस झाला आणि मला पत्ता नाही. दुसरा कच्चा, धोंड्यासारखा, मी 'पिकलाय' म्हणून पेटीत ठेवला. डावा हात लावून बघितला, पण त्याला कधी शिकवलंच नव्हतं. सुनंदाने हळूच माझ्या हातातली पेटी काढून घेतली. "तुम्ही अंगणात बसा. लोकांशी बोला. ते तुम्हाला छान जमतं."

मी अंगणात जाऊन बसलो आणि बोलायचा थांबलो. शितप गप्प बसलाय ही बातमी फणसोपपर्यंत गेली. लोक बघायला यायचे.

आणि मग एका सकाळी सर गडग्यावरून आले. या वेळेला दमाने, एकेक पाय टाकत. झोळी माझ्या मांडीवर पालथी केली. सुपारी, काजूची बी, आमसूल, जाळ्याचा तुकडा, खोबऱ्याचं शकल. मग माझ्याच खांद्यावरचा पंचा काढून माझ्या डोळ्यांवर बांधला.

"सांग, काय आहे?"

"सर, काय उपयोग? डॉक्टर म्हणाले, तेवढा भाग मेलाय."

"मेलाय. बरोबर. मेलेला परत नाही येत. पण गणपतीला हायवे बंद पडला म्हणून चाकरमानी घरी यायचा थांबतो का रे? कोल्हापुरावरून येतो, घाट उतरून येतो, कुणाच्या तरी टेम्पोत बसून येतो, पण चतुर्थीला दारात उभा राहतोच. मेंदूचं तसंच. शेजारचा भाग आडवाट काढतो. पण वाट पडायची तर रोज कुणीतरी चालायला हवं. सांग, हातात काय आहे?"

"बांगडा."

"सुपारी आहे!"

"मग हे?"

"तू सांग!"

"बांगडा."

सगळं मला बांगडाच वाटायचं. पाऊस आला, बागेत शेवाळ चढलं, सर छत्री घेऊन रोज यायचे. मी चिडायचो, ते माझ्याहून चिडायचे. "ढोरा, काजूची बी नि सुपारी? एक वाकडी, एक गोल! बोटांच्या टोकांना शरीरातली सगळ्यात दाट मज्जातंतूंची वस्ती असते, आणि तू ती ओसाड गावासारखी वापरतोस!" सुनंदा चहा आणून ठेवायची, आणि आम्ही भांडतोय हे ऐकून आत जाताना हसायची. घरात परत आवाज झाला होता ना.

श्रावणात कधीतरी सर रफीकला घेऊन आले. दोघांची काहीतरी कुजबुज चालली होती. पंचा बांधला. "हात पुढे कर." मी केला. आणि एकदम अंगठ्यापासून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की मी खुर्चीसकट उडालो.

"आई गं! मेलो! काय आहे ते?"

पंचा काढला तर अंगठ्याला कुर्ली, म्हणजे खेकडी, लटकलेली. चांगली जिती, दुसरी नांगी हलवणारी. आणि आयरे सर? अंगणभर नाचत होते. शेवाळावर, सत्तरीत, दोन्ही हात वर करून. "दुखलं! शितपाला दुखलं! वहिनी, बाहेर या, ह्याला दुखलं!" वाडी धावत आली. गोदाकाकूला वाटलं, आता सरांच्या अंगात वारा आला.

"भाऊ," रफीक माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ती परत द्या. घरी सार करायला सांगून आलोय."

सर नाचायचे थांबले, धापा टाकत माझ्या शेजारी बसले. माझा अंगठा दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिले. "दुखतंय ना? दुखू दे. ज्याला दुखतं ना शितपा, तो भाग्यवान." त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदाने.

त्यानंतर वाट पडत गेली. आधी गरम आणि गार. मग खरखरीत आणि गुळगुळीत. दिवाळीला सुपारी सुपारीसारखी लागली. काजू काजूसारखा. आमसूल मी वासावरून ओळखतो असा सरांना संशय होता, म्हणून त्यांनी माझं नाकही दाबून धरलं. मी ओळखेपर्यंत श्वास घ्यायला तोंड होतं, म्हणून वाचलो.

मग पुन्हा आंबा आला. या खेपेला गाऱ्हाणं मी पुरं केलं. शेवटच्या ओळीला वाडीने श्वास रोखून धरला होता, सर गडग्यावर हात टेकून पुढे वाकले होते, आणि 'चुकला-माकला असंल ता पदरात घे म्हाराजा' स्वच्छ बाहेर पडल्यावर जो 'व्हय म्हाराजा' झाला, त्याने भाट्याच्या किनाऱ्यावरचे नारळ पडले. मोजायला माणसं पाठवावी लागली.

पहिली पेंढ्यावरची रास तयार व्हायच्या सुमारास मी सरांना मांगरात बोलावलं. दुपार होती. आत पेट्या ठोकायचं काम नुकतंच आटपून गडी जेवायला गेले होते. सरांना खुर्ची दिली. स्वतः पेंढ्यापाशी बसलो, उजवा हात आत सरकवला. खांदा लागला. जरासा दबला, आणि हलकेच परत वर आला. बाजूचा अजून घट्ट. त्याच्या मागचा देठाशी सैल, म्हणजे आतून गेलेला. मी तीन वेळा हात पुसून पुन्हा तसंच चाचपलं. खोटं नव्हतं. माझा हात माझ्या घरी आला होता.

मी तो पहिला आंबा काढून सरांना दिला. त्यांनी चाचपला, हुंगला, डोळे मिटून पुन्हा हुंगला. "आजचाच आहे," म्हणाले. "बरोबर सांगितलंस." आणि आंबा मला परत दिला. "मला नको. साखर आहे मला, बरीच वर्षं. पण वास घेऊ दे अजून एकदा."

मी एवढा बोलणारा. बोलून ज्याची फेड होत नाही असं माझ्या आयुष्यात हे एकच. मग मी आपला वाकलो आणि त्यांच्या पायांवर हात ठेवला. डोकं ठेवलं. सर वर पेट्यांकडे बघत बोलत होते, "अंगठ्यात अजून जोर यायला हवा. आणि शितपा, त्या कोपऱ्यातल्या..."

पाय गार होते. मी हात तसाच ठेवला. पायांत काहीच हाललं नाही. बोट आखडलं नाही, 'ऊठ रे' नाही, आशीर्वाद नाही. वरून आवाज आला, "अरे, कुठे गेलास? काही हरवलं का खाली?"

तेव्हा मला रक्त दिसलं. डाव्या चपलेच्या कडेने बारीक ओघळ, अजून ओला. मी पाय उचलला. पेटीला ठोकायचा चुका, बारीक खिळा, चपलेतून आरपार तळव्यात गेला होता. मांगराच्या दारापासून खुर्चीपर्यंत त्याच पायाने चालत आले होते, आणि माझं आंब्याचं कौतुक करत होते.

"सर," मी म्हणालो. आणि पाय तसाच वर धरला.

त्यांनी खाली बघितलं. चुका बघितला. शाळेत पोराने चुकीचं उत्तर दिल्यावर बघायचे तसं बघितलं. "हं. तळवे गेले रे माझे. साखरेने नसांची टोकं जळतात. सगळ्यात लांबच्या वाटा आधी बंद होतात. पायांच्या."

"कधीपासून?"

"झाली काही वर्षं."

"आणि मुलाला..."

"नाही सांगितलं. तूही सांगायचं नाहीस. सांगितलं की येईल आणि नेईल पुण्याला. चांगला आहे तो, म्हणूनच नेईल. चौथ्या मजल्यावर. तिथे मी खिडकीत बसेन आणि संध्याकाळी तो दमून येईल. त्याला मी काय सांगू, मेंदू म्हणजे मुंबई?" ते हसले. "औषधं घेतो. डॉक्टर म्हणतात, रोज तळवे तपासा, जखम झाली तर कळणार नाही. आता एकट्या माणसाने स्वतःचा तळवा कसा बघायचा? आरसा धरला तर डोळ्यांना दिसत नाही. वाकलो तर कंबर धरते."

मी चुका काढला. ते आंब्याचा वास घेत होते. त्यांना दुखलं नाही. दुखलं ते मला, आणि भरपूर दुखलं. दुखायची सोय त्यांनीच करून दिलेली.

रफीकच्या टेम्पोतून त्याच दवाखान्यात नेलं, पट्टी झाली, इंजेक्शन झालं. या खेपेला गोदाकाकूने न सांगता चालत्या टेम्पोत ओवाळलं. बरे झाले.

आता रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी गडगा ओलांडून सरांच्या ओटीवर जातो. ते खुर्चीत, मी खाली. त्यांचे पाय मांडीवर घेतो आणि उजव्या हाताने तळवे चाचपतो, टाचा, चवडे, बोटांच्या बेचक्या. कुठे चीर, कुठे फोड, कुठे काटा. आंबा बघतो त्याहून सावकाश. रस्त्याने जाणारे म्हणतात, शितप गुरू करून बसला. म्हणू देत. सर वरून शिकवत असतात. परवा घाम कसा सुटतो ते चाललं होतं. मधेच थांबले, समोर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "शितपा, आता डाव्या पायावर आहेस ना रे? जरासं लागल्यासारखं वाटलं."

माझे दोन्ही हात उजव्या पायावर होते.

"डाव्यावरच आहे, सर."

त्यांनी मान खाली वळवली. माझे हात कुठे आहेत ते बघितलं, चांगलं निरखून. मग पुन्हा रस्त्याकडे बघत म्हणाले, "वाटलंच मला," आणि घामाचं राहिलेलं पुढे सांगायला लागले.